रोजच्या खडबडीत रस्त्यासाठी एमटीबी: काय बसवायचं, कुठे आणि कशाच्या आधी

नवी एमटीबी (माउंटन बाइक, म्हणजे डोंगरवाटांसाठीची सायकल) घरी येते तेव्हा दिसायला दणकट असते, पण दुसऱ्या दिवशी कामावर जायला निघालात की डबा कुठे ठेवायचा हा पहिला प्रश्न पडतो. मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, स्टँड नाही, दिवा नाही. आपल्याकडच्या जुन्या काळ्या डबलबार सायकलला यातलं बहुतेक सगळं खरेदीच्या दिवशीच लावलेलं असायचं. एमटीबीचा जन्म मात्र वेगळ्याच उद्योगातून झाला. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीची पोरं १९७० च्या दशकात जाड टायरच्या जुन्या सायकली घेऊन डोंगरावरच्या मातीच्या रस्त्यांनी खाली सुटायची. त्यांना डबा न्यायचा नव्हता. आपल्याला त्याच सायकलवरून एमआयडीसीत पाळीला जायचंय, शाळेत शिकवायला जायचंय, येताना भाजी आणायची आहे. आणि रस्ता म्हणजे थोडं डांबर, थोडा मुरूम, पुलाच्या कामापाशी उघडी खडी आणि गावाच्या वेशीवर पट्टे न मारलेला गतिरोधक.

एक गोष्ट आधीच सांगतो. सायकलला वस्तू बसवणं अवघड नाही, खराब रस्त्यावर ती बसलेली राहणं अवघड आहे. सततच्या थरथरीने बोल्ट सैल होतात, प्लास्टिकचे क्लॅम्प फिरतात, पातळ पत्रा वाकवल्या जागी तुटतो. म्हणून कमी बसवा, जमेल ते थेट फ्रेमला बसवा आणि क्रमाने बसवा: टायर, बसायची उंची, मडगार्ड, कॅरिअर, दिवे, मग बाकीचं. बहुतेक नवे लोक मोबाईल होल्डरपासून सुरुवात करतात आणि पहिल्या पावसात पाठीवर चिखलाची रेघ घेऊन ऑफिसात पोचतात.

आधी सायकल नीट बघा

खरेदीला निघण्याआधी सायकल उजेडात उभी करा आणि चार गोष्टी बघून मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. दुकानदार हेच विचारतो.

पहिलं, चाकाचा आकार. टायरच्या कडेवर २७.५ x २.१० असं काहीतरी छापलेलं असतं, आणि शेजारी ५४-५८४ अशी जोडी असते. ही दुसरी जोडीच खरी भरवशाची. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास. २६ इंचीला ५५९, २७.५ ला ५८४ आणि २९ ला ६२२. टायर-ट्यूब घेताना हा तीन आकडी अंक जुळला पाहिजे.

दुसरं, फ्रेमवरची आट्याची भोकं. मागच्या ॲक्सलच्या जरा वर दोन्ही बाजूंना, सीटखालच्या तिरक्या नळ्यांवर वरच्या टोकाला, आणि बाटलीच्या स्टँडसाठी मधल्या नळीवर. ही बहुतेक ५ मिलिमीटर बोल्टची असतात आणि त्यांना ४ नंबरची ॲलन की लागते. मागची चारही भोकं असतील तर तुमचं निम्मं काम झालं.

तिसरं, व्हॉल्व्ह. मोटरसायकलसारखा जाड असेल तर कुठल्याही पंक्चरवाल्याकडे हवा मिळेल. बारीक, टोकाला छोटा नट असलेला प्रेस्टा असेल तर पितळेचा छोटा ॲडॉप्टर घेऊन तो सायकलच्या पिशवीत कायमचा टाका. घरी राहिला तर त्याचा उपयोग नाही.

चौथं, शॉकअप किती. फक्त पुढे असेल तर ठीक. मागेही असेल तर साधं कॅरिअर लागणार नाही, कारण मागचा भाग वरखाली होतो. सायकल अजून घ्यायची असेल आणि काम रोजचं असेल, तर मागच्या शॉकअपच्या मोहात पडू नका. स्वस्तातल्या डबल शॉकअपला वजन जास्त, खटखट जास्त आणि कॅरिअरची बोंब.

टायर आणि हवा

रस्त्याच्या खराबीशी पहिली गाठ टायरची पडते, म्हणून पैसे इथे आधी घाला. कंपनीकडून आलेला टायर बहुतेक वेळा मोठ्या गुट्ट्यांचा असतो. चिखलात तो छान, पण डांबरावर घूंऽऽ असा आवाज करत तुमची ताकद खातो आणि मधल्या गुट्ट्या लवकर झिजतात. रोजच्या मिश्र रस्त्याला मध्ये जवळजवळ सलग पट्टा आणि कडेला गुट्ट्या असा टायर बरा. रुंदी १.९५ ते २.१ पुरते. त्याहून जाड घ्यायचा असेल तर आधी फ्रेममधली जागा बघा: टायरच्या दोन्ही बाजूंना निदान बोटाच्या जाडीएवढी फट उरली नाही, तर चिखलात चाक अडकणार.

आता हवा. कडेवर छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा, रोज भरायची हवा नाही. २.१ च्या ट्यूबवाल्या टायरला, माणूस साधारण ७० किलोचा असेल, तर पुढे ३० पीएसआयच्या आसपास आणि मागे ३५ च्या आसपास ठेवून सुरुवात करा. कॅरिअरवर सामान असेल त्या दिवशी मागे दोन-चार वाढवा. दगडावर रिम टेकल्याचा ठक आवाज आला तर हवा कमी आहे. खडीवर सायकल चेंडूसारखी उडत असेल तर जास्त आहे. अंगठ्याने दाबून ३० आणि ४० मधला फरक नव्या माणसाला कळत नाही, म्हणून मीटरवाला उभा पंप घरी असावा. पेट्रोल पंपावरच्या हवेने ट्यूब भरायची असेल तर फार जपून: सायकलच्या ट्यूबमध्ये जागा थोडी, ती काही सेकंदांत भरते आणि मग टायर रिमवरून निसटून फटाका वाजतो.

पंक्चर दोन जातींची, आणि ती ओळखता आली पाहिजेत. ट्यूबला शेजारी शेजारी दोन चिरा असतील तर खड्ड्याच्या धारेवर ट्यूब रिममध्ये चेपली गेली, म्हणजे हवा कमी होती. एकच बारीक भोक असेल तर काटा. आपल्याकडे काट्यांचे मानकरी दोघे. शेळ्यांसाठी तोडलेल्या बाभळीच्या फांद्या रस्त्याच्या कडेला पडून राहतात, त्यांचे लांब काटे. आणि सराटा. पावसाळ्यात मोकळ्या जागी जमिनीलगत पसरणारं, पिवळ्या फुलांचं ते वेल दिसायला गरीब असतं, पण पाऊस सरल्यावर त्याची फळं वाळून फुटतात आणि प्रत्येक तुकड्याला टणक टोकं असतात. कसंही पडलं तरी एक टोक वर. मोटारीला बाजू देताना तुम्ही नेमके डांबराची कड सोडून साइडपट्टीवर उतरता, आणि तिथेच हा असतो.

काट्याचं पंक्चर काढताना ट्यूब जोडून लगेच परत घालू नका. व्हॉल्व्ह टायरवरच्या नावाशी जुळवून ठेवलेला असेल तर ट्यूबवरचं भोक टायरवर कुठे येतं ते लगेच सापडतं. तिथे आतून फडकं फिरवा. बोट नको, फडकंच. काट्याचं टोक असेल तर धागा अडकतो. मोडलेलं टोक टायरमध्येच राहिलं तर नवी ट्यूबही पाचच मिनिटांत जाईल.

ज्यांच्या वाटेवर सराटे फार, त्यांना दोन उपाय. टायर आणि ट्यूब यांच्यामध्ये घालायची प्लास्टिकची पट्टी, किंवा ट्यूबमध्ये सीलंट. पट्टी स्वस्त पडते, पण तिचं कापलेलं टोक ट्यूबला घासतं. ते गोल कापून त्यावर जुन्या ट्यूबचा तुकडा चिकटवा. सीलंट बारीक भोकं स्वतःच बुजवतं. मोठी चीर पडली तर मात्र चिकट पाणी सगळीकडे उडतं आणि पॅच लवकर धरत नाही. मी सीलंटच्या बाजूचा आहे, कारण काट्याची भोकं बारीकच असतात.

बसायची उंची

सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवा. पॅडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. मग पंजा ठेवून चालवताना गुडघ्यात थोडा बाक राहतो, तोच बरोबर. सीटपोस्टवर कमाल उंचीची खूण असते, तिच्या वर नळी काढायची नाही. फ्रेम लहान पडत असेल तर लांब सीटपोस्ट घ्या, जाडी मात्र तीच हवी. ती नळीवरच मिलिमीटरमध्ये कोरलेली असते.

जेलचं जाड सीटकव्हर मऊ लागतं खरं, पण ते सरकतं आणि पावसात स्पंजासारखं पाणी धरतं. खड्ड्यावरून जाताना सीटवरून बूड जरा उचलून दोन्ही पाय समपातळीत ठेवायची सवय लावली तर कुठल्याही कव्हरपेक्षा जास्त आराम मिळतो. ग्रिप मात्र बदलण्यासारख्या असतात. नुसत्या रबराच्या ओढून बसवलेल्या ग्रिप पावसात फिरतात. बोल्टने आवळायच्या ग्रिप घ्या.

मडगार्ड

कोरड्या दिवसांत मडगार्डची आठवण होत नाही आणि जूनमध्ये दुकानात मिळत नाही. एप्रिल-मेमध्येच घेऊन ठेवा.

मागच्याचे दोन प्रकार. सीटपोस्टला आवळायचं लांब शेपटीसारखं मडगार्ड पटकन लागतं, पण खडबडीत रस्त्यावर ते हळूहळू एका बाजूला वळतं आणि पाठ ओली होते. आवळण्याआधी सीटपोस्टवर जुन्या ट्यूबची एक पट्टी गुंडाळा म्हणजे पकड बसते. दुसरा प्रकार म्हणजे चाकाला जवळून झाकणारं, तारांच्या आधाराचं पूर्ण मडगार्ड. पाणी हेच खरं अडवतं, पण त्यात आणि टायरमध्ये निदान दोन सेंटिमीटर जागा सोडा. मुरूम धुऊन जातो. काळ्या मातीचं तसं नाही. कृष्णाकाठच्या शेतातून ट्रॅक्टरने रस्त्यावर आणलेली ती चिकट माती चाकाबरोबर वर जाते, मडगार्डच्या तोंडाशी थापली जाते, वर खडीचे दोन दाणे बसतात आणि चाक जाम. मग सायकल उलटी करून काडीने खरवडत बसा. ज्यांची वाट अशा शेतरस्त्यांनी जाते त्यांनी पूर्ण मडगार्डच्या भानगडीत न पडता उंच बसणारं घ्यावं आणि थोडे शिंतोडे सोसावेत.

पुढे दोन तुकडे लागतात. शॉकअपच्या कमानीला खालून बांधायचा छोटा तुकडा डोळ्यांत उडणारी घाण अडवतो. फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीला लागणारा लांब तुकडा बूट आणि पॅडलजवळचा भाग वाचवतो. दोन्हीपैकी एकच घ्यायचा असेल तर खालचा घ्या. भिजलेले बूट दिवसभर छळतात.

विकतचं घ्यायचं नसेल तर इंजिन ऑइलचा पाच लिटरचा रिकामा डबा गॅरेजवाल्याकडून मागून आणा. साबणाने तेल पूर्ण काढा, कारण त्याचा एक थेंब ब्रेकच्या डिस्कवर गेला तर ब्रेक धरत नाही. डब्याची सपाट बाजू हाताच्या पंजाएवढी रुंद आणि दीड वीत लांब कापा, कडा गोल करा, तापवलेल्या खिळ्याने चार भोकं पाडा आणि प्लास्टिकच्या पट्ट्यांनी (तारवाले वापरतात त्या झिप टाय) कमानीला आवळा. बांधून झाल्यावर शॉकअप पूर्ण दाबून बघा, टायर तुकड्याला लागता कामा नये. दोन पावसाळे हे सहज निघतात आणि चोरीला जात नाही.

कॅरिअर

इथे घाई करू नका. खराब रस्त्यावर सगळ्यात जास्त ताण याच बोल्टांवर येतो, आणि सुटलेलं कॅरिअर मागच्या चाकात गेलं तर माणूस पडतो.

फक्त सीटपोस्टला आवळायचं कॅरिअर जाहिरातीत सुटसुटीत दिसतं. त्यावर बहुतेक दहा किलोच्या आसपासची मर्यादा लिहिलेली असते आणि वजन डावी-उजवीकडे हलत राहतं. डबा आणि रेनकोट यापुढे त्याचा विचार करू नका. फ्रेमला चार ठिकाणी बसणाऱ्या कॅरिअरवर बहुधा २५ किलो लिहिलेलं असतं. तो आकडा गुळगुळीत रस्त्याचा समजा, खड्ड्यांच्या वाटेवर त्याच्या निम्म्यावर थांबा. माणूस बसवायचं तर यातल्या कशावरच नाही.

घेताना मुख्य अडचण डिस्क ब्रेकची. ब्रेकचा कॅलिपर (डिस्कला चिमटीत धरणारा भाग) डाव्या बाजूला ॲक्सलच्या वर असतो आणि साध्या कॅरिअरचा डावा पाय नेमका त्यावर टेकतो. काही सायकलींवर कॅलिपर दोन नळ्यांच्या बेचक्यात आत बसवलेला असतो, तिथे प्रश्न येत नाही. नाहीतर डिस्कसाठीचं, पाय बाहेर काढलेलं कॅरिअर मागा. ते नसेल तर पाय आणि फ्रेम यांच्यामध्ये ॲल्युमिनियमचा स्पेसर आणि लांब बोल्ट घालून जागा करता येते. पण बोल्ट जितका बाहेर, तितका तो वाकायचा संभव जास्त. पंधरा मिलिमीटरच्या पुढे स्पेसर लागत असेल तर ते कॅरिअर तुमच्या सायकलचं नाही.

बसवायची रीत अशी.

१. भोकांतला रंग आणि माती काढा. बोल्ट नुसत्या बोटांनी तीन-चार आटे गेला पाहिजे. तिरका जातोय असं वाटलं की लगेच बाहेर काढा. ॲल्युमिनियमच्या फ्रेमचे आटे एकदा गेले की ते परत पाडून घेणं खर्चाचं काम आहे.

२. चारही बोल्टना निळा थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ न देणारा गोंद) एकेक थेंब लावा आणि वॉशर घाला. निळाच, लाल लावला तर पुन्हा उघडताना घाम निघेल.

३. आधी चारही बोल्ट अर्धवट लावा, कुठलाच आवळू नका. मग कॅरिअर आडवं सपाट येतंय का ते बाजूने उभं राहून बघा. मागे झुकलेल्या कॅरिअरवरून सामान घसरतं.

४. आता खालचे दोन आवळा, मग वरचे दोन. ॲलन कीचं आखूड टोक बोल्टमध्ये, लांब टोक दोन-तीन बोटांत. थांबलं की अजून पाव फेऱ्याहून कमी. त्याला पाइप लावून जोर काढायचा नाही.

५. हे पाऊल बहुतेक जण विसरतात. उजव्या बाजूला, चेन आहे तिकडे, खालच्या बोल्टचं टोक आतून किती बाहेर आलंय ते बघा. गिअर सगळ्यात लहान चक्रीवर टाका आणि हाताने पॅडल फिरवा. टोक आणि चेन यांच्यामध्ये स्पष्ट फट दिसली पाहिजे. घासत असेल तर आखूड बोल्ट घ्या किंवा बाहेरून एक वॉशर वाढवा. न बघता निघालात तर कुठल्यातरी गतिरोधकावर चेन उसळून त्या टोकात अडकेल आणि मागचं चाक जागीच थांबेल.

फ्रेमला वरची भोकं नसतील तर सीट आवळायचा जो कडा असतो, तोच भोकांसकट मिळतो. जुना काढून तो लावा. खालची नसतील तर आतून रबर लावलेली पत्र्याची पी-क्लिप नळीला धरते, पण मग वजन पाच-सात किलोच्या वर नेऊ नका.

सामान बांधायला हुकाची लवचिक दोरी वापरणारे पुष्कळ आहेत. हूक निसटला तर स्पोकमध्ये जातो, आणि ताणून सोडताना सटकला तर डोळ्यावर येतो. त्यापेक्षा दुधवाल्यांची पद्धत उत्तम: मोटरसायकलच्या जुन्या ट्यूबच्या लांब पट्ट्या कापायच्या, सामानाला दोन वेढे द्यायचे आणि शेवट वेढ्याखाली खोचायचा. गाठ लागत नाही, घसरत नाही, आणि पंक्चरवाला फुकट देतो. दुधाचे कॅन कॅरिअरच्या वर न ठेवता दोन्ही बाजूंना खाली लोंबते ठेवतात, यातही अक्कल आहे. वजन जितकं खाली तितकी सायकल वळणावर कमी झोके घेते. बाजूच्या पिशव्या लावणार असाल तर पॅडल मारताना टाच पिशवीला लागत नाही ना ते बघा आणि पिशवी तेवढी मागे सरकवा. पावसाळ्यात पिशवीवर कव्हर घालण्यापेक्षा आतली वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत बांधणं जास्त खात्रीचं.

पुढच्या शॉकअपवर वजन टांगू नका. हँडलला भाजीची पिशवी अडकवणं तर मुळीच नको. ती वळताना पुढच्या चाकात जाते.

दिवे

शहरात दिवा असतो तो लोकांना तुम्ही दिसावं म्हणून. शहराबाहेर तुम्हाला रस्ता दिसावा म्हणूनही लागतो, आणि दोन्हींना वेगळा दिवा पुरतो. रस्त्यावर खांब असतील तर लहानसा दिवा चालतो. अंधारा रस्ता आणि ताशी १५ ते २० किलोमीटरचा वेग असेल तर ३०० ते ४०० ल्युमेन (उजेडाचं माप) हवेत. खोक्यावरचा हजारो ल्युमेनचा दावा वाचून भुलू नका. त्यापेक्षा त्या उजेडात बॅटरी किती तास चालते ते विचारा. पाण्यासाठी आयपीएक्स ४ म्हणजे चहूबाजूंनी शिंतोडे सोसतो. कोकणात किंवा घाटमाथ्यावर राहत असाल तर त्याच्या वरचा आकडा घ्या.

दिवा हँडलला लावल्यावर भिंतीपासून चार-पाच मीटरवर उभे राहा. झोताचा मध्य दिव्याच्या उंचीच्या खाली पडला पाहिजे. समोरच्या मोटरसायकलवाल्याच्या डोळ्यांत प्रकाश गेला तर तो आंधळा होऊन तुमच्याच अंगावर येतो. खड्ड्यांच्या रस्त्यावर दिव्याचा क्लॅम्प हळूहळू खाली वाकतो, म्हणून इथेही खाली ट्यूबची पट्टी.

मागचा लाल दिवा लोक सीटपोस्टला लावतात आणि मग कॅरिअरवर बॅग ठेवून झाकून टाकतात. तो कॅरिअरच्या मागच्या पट्टीवर लावा. रात्री मी तो लुकलुकता न ठेवता स्थिर ठेवतो, कारण मागून येणाऱ्याला स्थिर दिव्यावरून अंतराचा अंदाज बरा येतो. सायकलबरोबर आलेले रिफ्लेक्टर शोभत नाहीत म्हणून काढू नका. पॅडलवरचे तर कधीच नाहीत. वरखाली होणारे दोन ठिपके बघून मागच्याला लगेच कळतं की पुढे सायकलवाला आहे.

सातारा, सांगली, कोल्हापूर, नगर या पट्ट्यात असाल तर गळीत हंगामात पुढचा दिवा चांगलाच हवा. ऊस भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या मागे दिवा नसताना रस्त्यात उभ्या असतात, आणि बाहेर आलेली उसाची टोकं नेमकी सायकलवाल्याच्या तोंडाच्या उंचीवर येतात.

स्टँड, घंटी, आरसा, कुलूप

स्टँड मागच्या डाव्या बाजूला, दोन्ही नळ्यांना धरणारा घ्या. मधोमध एका बोल्टवर आवळायचा स्टँड पातळ ॲल्युमिनियमच्या नळ्या चेपतो. डिस्कला लागत नाही ना ते फिरवून बघा. कॅरिअर भरलेलं असेल तर स्टँडवर विसंबू नका, भिंत शोधा.

घंटी पितळेची, एका ठोक्यात वाजणारी. महामार्गावरून जाणं असेल तर उजव्या बाजूला आरसा उपयोगी पडतो, पण एमटीबीचं हँडल आधीच रुंद असतं. गल्लीबोळातून, रिक्षांच्या मधून जाणाऱ्यांनी मान वळवायची सवय ठेवलेली बरी.

बारीक केबलचं कुलूप कटरने एका दाबात तुटतं. ते चहाच्या टपरीपुरतं. दिवसभर सायकल उभी राहणार असेल तर यू आकाराचं किंवा जाड साखळीचं घ्या आणि फ्रेम व मागचं चाक दोन्ही एका पक्क्या खांबाला अडकवा. दिवे काढून खिशात.

हेल्मेट सायकलवर बसवायची वस्तू नाही, पण याच खरेदीत येऊ द्या. पट्टा हनुवटीखाली दोन बोटं जातील इतका.

पिशवीत काय

एक ट्यूब, दोन प्लास्टिकचे टायर लिव्हर, पॅच आणि सोल्यूशन, छोटा पंप, ॲलन कीचा संच, चार झिप टाय, ट्यूबची एक पट्टी आणि एक फडकं. चेनची एक जोडकडी ठेवली तर उत्तम, पण ती चेनच्या गिअरसंख्येला जुळणारी हवी. सोल्यूशनची ट्यूब एकदा उघडली की काही महिन्यांत वाळते. दर पावसाळ्याआधी दाबून बघा.

घरी चेनचं तेल असू द्या. पावसाळ्यात ओल्या हवेसाठीचं घट्ट, उन्हाळ्यात धूळ न धरणारं पातळ. लावल्यावर पाच मिनिटांनी बाहेरून पुसून काढा, कारण तेल कड्यांच्या आत हवं असतं, बाहेरचं फक्त धूळ गोळा करतं. गंज सोडवायचा स्प्रे म्हणजे चेनचं तेल नव्हे, आणि डिस्कच्या आसपास तर कुठलाच स्प्रे मारू नका. मुरमाच्या चिखलात ब्रेक पॅड फार झपाट्याने झिजतात. मस्टरला सही करता तितक्या नेमाने पावसाळ्यात दर आठवड्याला वाकून बघा. पॅड बदलताना डिस्कवर काय कोरलंय ते वाचा. काही स्वस्त डिस्कवर फक्त रेझिन पॅड चालतील असं लिहिलेलं असतं, त्यावर धातूचे लावले तर डिस्कच खाल्ली जाते.

निघण्याआधी

सगळं बसवून झालं की हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवा. कुठलीही केबल ताणली जाता कामा नये. दोन्ही ब्रेक दाबा. मग सायकल वीतभर उचलून जमिनीवर सरळ सोडा आणि ऐका. चेनचा एक खळ्ळ आवाज येणारच. त्याशिवाय जे वाजेल ते सैल आहे. पत्र्याचा आवाज आला तर कॅरिअर किंवा घंटी. प्लास्टिकची फडफड असेल तर मडगार्ड, आणि त्याच्या तारेला फ्रेम लागते तिथे ट्यूबचा तुकडा घाला. हँडलजवळ टक आवाज येत असेल तर पुढचा ब्रेक धरून सायकल पुढेमागे हलवा. हँडलच्या मुळाशी हालचाल जाणवली तर ते काम नवशिक्याने घरी न करता दुकानात दाखवावं.

पहिल्या पन्नासेक किलोमीटरनंतर ४ आणि ५ नंबरची ॲलन की घेऊन प्रत्येक बोल्ट पुन्हा एकदा तपासा. नव्या वस्तू याच काळात जागा धरतात, आणि एखादा तरी बोल्ट थोडा फिरलेला सापडतो. बहुतेक वेळा तो कॅरिअरचा डावा खालचा असतो.